मागचा खांदा

दिशाने त्या दुपारी वरची पाखाडी धरली, तिथेच सगळं बिघडलं. डांबरी रस्त्याने आली असती तर थोडा उशीर झाला असता, चार शिव्या पडल्या असत्या आणि विषय संपला असता. पण कसलं काय! गुहागरच्या मेडिकलच्या दुकानातून सुट्टी मिळता मिळता ऊन डोक्यावर आलं, एसटीने वर सड्याच्या माळावर सोडलं, खाली वाडीत पालखी यायची वेळ होत आलेली, आणि त्या पालखीच्या मागच्या खांद्याला कोण? तर हीच! मग काय, बाईसाहेबांनी लाल ओढणी कमरेला खोचली आणि पाखाडीच्या जांभ्याच्या पायऱ्यांवरून धडाधड खाली.

शेवटच्या वळणावर काजूची जाळी आहे. तिथून मळा अख्खा दिसतो. तिथे ती थांबली. थांबली म्हणजे काय, पायच पुढे जाईनात.

मळ्यात धोंडूआजोबा एकटेच होते. पांगाऱ्याच्या बुंध्याशी उकिडवे बसून दोन्ही हातांनी माती सारखी करत होते.

आता ज्यांच्या गावात खूण काढत नाहीत त्यांना हे कळायचं नाही, म्हणून सांगायला हवं. शिमग्यात पालखी वाडीत आली की कापलेल्या भाताच्या मळ्यात एक नारळ पुरतात. ती खूण. पुरणारा माणूस एकच, आमच्या वाडीत धोंडूआजोबा. ते पुरत असतात तेव्हा घराघरांची दारं बंद, मळ्याच्या बाजूला कोणी डोकावायचंसुद्धा नाही. मग ढोल वाजतो, दोघांच्या खांद्यावर पालखी मळ्यात उतरते आणि नारळ शोधते. शोधते ती आई वाघजाई, माणसं फक्त दांड्याखाली. ती ओढेल तिकडे जायचं, ती वाकेल तिथे खणायचं. आणि ज्याने खूण पुरताना पाहिली, त्याने त्या दिवशी पालखीला खांदा लावायचा नाही. हे दुसरीतल्या पोरालाही माहीत असतं.

दिशा जाळीमागे मटकन खाली बसली. दरवर्षी खूण ऊन कलल्यावर घालतात. यंदा मुंबईकरांना परतीच्या गाड्या पकडायच्या म्हणून वेळ अलीकडे आणलेली, आणि तसा मेसेज ग्रुपवर आलेला. पण दुकानात काउंटरवर फोन बघू देत नाहीत, आणि एसटीत रेंज नाही.

"मी काय पाहिलं नाय," ती पुटपुटली. पण पाहिलं होतं ना! पांगारा, बुंध्यापासून जरासं बांधाकडे. डोळे मिटले तरी तेच दिसत होतं, वर लालभडक फुलं आणि खाली म्हाताऱ्याचे मातीतले हात.

सांगायला हवं होतं. धावत जाऊन सांगायला हवं होतं. पण सांगितलं की मनाली संपली.

ते कसं, तेही ऐका. पालखीचा पुढचा दांडा मनालीच्या घरचा. तिचा बापूस राजाराम तो धरायचा, त्याच्या आधी आजा. राजारामकाका पालखी घेऊन मळ्यात उतरले की माणसं जेवणं अर्धी टाकून बघायला यायची. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मुलगा नाही, एकटी मनाली. गावकीच्या सभेत मग हळूहळू बोलणं सुरू झालं की मान आता चुलत घरी जाऊ दे, सुहास आहे की! सुहास म्हणजे मनालीचा चुलतभाऊ. तगडा गडी, मनाने वाईट नाही, पण मान चालत घरी येत असेल तर नको कोण म्हणेल?

तर त्या सभेत मनाली उठून उभी राहिली. बायका सगळ्या दाराशी बसलेल्या, आणि ही मधोमध.

"एकदा मला द्या," म्हणाली. "नाय निघाली खूण, तर मीच सुहासच्या खांद्यावर दांडा ठेवीन. परत कधी मागायची नाय."

"अगो, नाचव की पालखी," एकजण म्हणाला. "पोरी नाचवतात आता सगळीकडे. अंगणात नाचव, व्हिडिओ काढ. पण खूण म्हणजे..."

"खूण म्हणजे काय?"

शेवटी वाडीचे प्रमुख, गावकर राजेंद्रकाका, यांनी निकाल दिला. पालखी दोनदा वाकते, तशी दोनदा वाकेल. तेवढ्यात नारळ निघाला तर मान मनालीकडे. नाही निघाला तर सुहासकडे, आणि मग कायमचाच.

"आणि मागे कोण?"

मनालीने श्वास घेण्याइतकाही वेळ घेतला नाही. "दिशा."

आणि मग थंडीभर दोघींनी काय घाम गाळलाय म्हणता! रोज कामावरून आल्या की सड्यावर. बांबूची शिडी, शिडीवर भाताचं पोतं, आणि ते खांद्यावर घेऊन गोल गोल. पहिले दिवस तर पोतं पुढे आणि या मागे! सड्यावर गुरं चारणारा केरू दगडावर बसून बघायचा आणि ओरडायचा, "आई वाघजाई, पळ, तुला पाडतायत या!"

मनालीला बापाची एक गोष्ट पाठ होती. पुढच्याने वाट घ्यायची, मागच्याने वजन घ्यायचं. मागच्याने वाट घ्यायची नाही. बोलायला सोपं, पण करून बघा! मागे असलेल्याच्या हातात सुकाणू असतं. जरासा खांदा फिरवला की पुढचा आपोआप वळतो आणि त्याला वाटतं मीच वळलो.

एकदा अशाच दमून दोघी सड्यावर आडव्या पडल्या होत्या. दिशा म्हणाली, "मने, तुझ्यासाठी मी काय पण करीन हां."

"काय पण नको करू."

"म्हणजे?"

"काय पण करणारी माणसं घरात खूप आहेत गो. आई आहे, काका आहे. बाबा आजारी होते तेव्हा सगळ्यांनी माझ्यासाठी कायकाय केलं! मी अलोऱ्याला मावशीकडे, परीक्षा चाललेली, आणि फोनवर सगळे काय? बरे हायत, जेवले, हसले, तू पेपर दे. माझ्या भल्यासाठीच ना? एकटीने खरं सांगितलं."

ती एकटी म्हणजे दिशा. तिने फोन केला होता, "मनू, आज निघ. उद्या नको." एवढंच. मनाली निघाली, आणि बापाच्या हातात हात देऊन बसायला मिळालं. दोन महिने मनालीच्या घरातलं कोणी दिशाशी बोललं नव्हतं त्यावरून.

"तू माझ्यासाठी काय करतेस, त्याच्यासाठी नाय मी तुला धरून ठेवलेली," मनाली आभाळाकडे बघत म्हणाली. "तू बोललेलं मला उलटून बघायला लागत नाय, खरं की खोटं. तेवढंच पुरे."

हे सगळं आता काजूच्या जाळीत बसून दिशाला आठवत होतं. सांगितलं तर ती दांड्याखालून बाद. मग मागे कोण? एवढं वजन घेऊन खूण काढायची सवय असलेला दुसरा एकच, सुहास! म्हणजे मनाली हरली की ज्याला मान मिळणार, तोच तिच्या मागे. आणि नाही सांगितलं तर? नाही सांगितलं तर कुणाचं काय बिघडतंय? मी मागेच असणार. मी नुसतं वजन घेणार. वाट तीच काढेल.

अशी स्वतःची समजूत घालत ती धोंडूआजोबा गेल्यावर गुपचूप मागच्या बाजूने मनालीच्या घरात शिरली.

मनाली ओटीवर कमरेला शेला आवळत होती. कपाळावर गुलाल, चेहरा पांढराफटक. रेणुकाकाकी, तिची आई, दाराशी बसून सुरंगीचे वळेसर बांधत होती, पण फुलं निम्मी जमिनीवर.

"आली महाराणी!" काकी ओरडली. "आता येतात गो? इथे माझा जीव जायची वेळ आलीय!"

"सुट्टीच नाय दिली काकी."

मनालीने मान वर केली. "कुठून आलीस? दारं बंद होती ना सगळी."

इथे. बघा, इथे तिला सांगता आलं असतं. तोंडात शब्द आलेसुद्धा. पण मनालीचे ते डोळे, आणि भिंतीवर राजारामकाकांचा हार घातलेला फोटो, आणि बाहेर ढोलाच्या वाद्या ताणल्याचा आवाज...

"रस्त्याने," दिशा म्हणाली.

मनालीने मान हलवली. शब्द उलटून बघितला नाही. का बघेल?

ढोल वाजला. सगळी वाडी मळ्याच्या बांधावर. मुंबईकर मोबाईल वर धरून, बायका पदर डोक्यावर घेऊन, पोरं आंब्याच्या झाडावर. सहाणेच्या चौथऱ्यावरून पालखी उठली. देवीचे चांदीचे मुखवटे, म्हणजे रूपं, हिरवी साडी, गोंडे, वळेसर. गावकरांनी गाऱ्हाणं घातलं, "बाय माझे, आज तुझ्या लेकी तुला नेतायत, सांभाळून घे!" आणि दांडा पुढे मनालीच्या खांद्यावर, मागे दिशाच्या.

"काय गो, जड हाय का?" सुहास बांधावरून ओरडला. "सांगा हां, मी इथेच हाय!"

"तू तिथेच रहा!" मनालीने न बघताच फेकलं. बायका फिस्सकन हसल्या.

पोत्याचं वजन वेगळं आणि हे वेगळं. पोतं मेलेलं असतं. पालखी झुलते, ओढते, थांबते. दिशाला समोर फक्त मनालीची मान दिसत होती, घामाने चिकटलेले केस आणि शेल्याची गाठ. ती नजर तिथेच रोवून होती. पांगाऱ्याकडे बघायचं नाही. बघायचंच नाही. पण ज्याच्याकडे बघायचं नाही ते नेमकं कुठे आहे हे तर माहीत असावंच लागतं ना! लालभडक झाड डोळ्याच्या कोपऱ्यात जळत होतं.

मनालीने पहिला फेरा मोठा घेतला. मग दुसरा. मग पावलं ठरायला लागली. आणि ती निघाली कुठे? तर पऱ्याकडे! मळ्याच्या खालच्या अंगाला ओढा वाहतो, आता आटलेला, तिकडे. पांगाऱ्याच्या एकदम उलट!

'अगो, तिकडे नाय,' दिशाच्या छातीत कोणीतरी बोललं.

ढोल चढला. मनाली गोल फिरली, परत पऱ्याकडेच. ताशा कडाडला. तिची पावलं आखूड झाली, म्हणजे आता वाकणार, आता दिशाला कळत होतं, थंडीभर तिच्या मागे चालली होती ती, तिला मनालीच्या पायातलं सगळं कळायचं. आता वाकली की एक संधी गेली. मग उरली एक. आणि बांधावर सुहास हाताची घडी घालून उभा.

दिशाने खांदा फिरवला.

एवढासाच! कोणाला दिसलासुद्धा नसेल. डावा पाय जरा मागे, दांडा जरा आत. आणि मनालीची मान किंचित हलली, पाऊल अडखळलं, आणि मग... मग ती वळली. एकदम, अख्खी वळली, जणू कोणीतरी हाक मारली. पावलांना असा काय जोर आला की दिशाला मागे धावायला लागलं. मनालीला वाटलं आई ओढतेय. पांगारा जवळ आला, बांध आला, आणि मनालीने दोन्ही गुडघे टेकून पालखी अशी वाकवली की रेणुकाकाकीने बांधावरून किंकाळी फोडली.

"खणा!"

केरू कुदळ घेऊन धावला. एक घाव, दोन घाव, हाताने माती उपसली. आणखी खणलं. रुंद खणलं.

काही नाही. नुसती पांगाऱ्याची मुळं.

ढोल चालूच होता, कारण पालखी खांद्यावर असेपर्यंत तो थांबत नाही. पण बांधावरचे मोबाईल एकेक करून खाली आले. सुहासने हाताची घडी सोडली.

दिशाला काही समजेना. इथेच तर! हीच जागा! तिने मान वर केली, आणि गर्दीत धोंडूआजोबा दिसले. सगळी वाडी खड्ड्यात बघत होती, आणि तो म्हातारा खड्ड्यात बघतच नव्हता. तो दिशाकडे बघत होता. तिच्या कमरेच्या लाल ओढणीकडे.

मग डोक्यात लख्ख पडलं. त्यांनी पाहिलं होतं तिला. जाळीत लाल ओढणी कशी लपणार? तिने पाहिलेला नारळ त्यांनी काढला होता आणि दुसरीकडे घातला होता. मनाली बरोबर चालली होती, तिचे पाय खरे होते, आणि दिशाने तिला तिथून ओढून आणलं होतं.

मनाली उठली, पालखीसकट. दोन पावलं इकडे, दोन तिकडे, परत मागे. वाटच धरेना. का धरेल? आईने ओढलं, आपण गेलो, आणि तिथे काही नाही. म्हणजे एकतर आईला मी नको, नाहीतर मला काही कळतच नाही. तिच्या पाठीवरून दिशाला हे सगळं वाचता येत होतं. आणखी थोडा वेळ असं भिरभिरली तर ती कुठेही वाकेल, नुसती दमून वाकेल.

गप्प राहिलं तर? गप्प राहिलं तर कुणाला कळणार नाही. आजोबा बोलायचे नाहीत, खूण घालणारा मळ्यात तोंड उघडत नाही. मनाली हरेल, रडेल, दिशाच्याच गळ्यात पडून रडेल. आणि दिशा तिच्या पाठीवरून हात फिरवेल! त्या चित्राने तिला जी काय शिसारी आली!

"मने!" ती ढोलाच्या वरून ओरडली.

"वजन घे!"

"मने, ऐक! मघाशी आई नव्हती. मी होते!"

मनालीची पावलं चालूच. "काय?"

"मी पाहिली होती खूण! पाखाडीने आले मी, रस्त्याने नाय! पांगाऱ्याशी घालताना पाहिली, आणि मी तुला वळवलं! त्यांनी बदललीय जागा! तू बरोबर चालली होतीस, मने, तुझे पाय बरोबर होते!"

मनालीने अख्खा एक फेरा घेतला. दिशाला तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि तेच जास्त भयानक होतं. दांड्यातून फक्त एक थरथर येत होती, रडण्याची की रागाची कोण जाणे.

मग पुढून आवाज आला. एकदम सपाट, अनोळखी.

"डोळे मीट."

"मिटले."

"खोटं."

दिशाने डोळे मिटले. "आता मिटले."

"आणि वजन घे."

आणि मनाली निघाली.

डोळे मिटून पालखीखाली चालून बघितलंय कोणी? भाताची खोडकी पायात घुसतात, ढेकळं सरकतात, आणि कुठला बांध कुठे, काही कळत नाही. मघाच्या खड्ड्याच्या काठावरून दिशाचा पाय घसरला, गुडघा सोलवटला, पण दांडा तिने सोडला नाही. सगळं अंग म्हणत होतं उघड डोळे. नुसते किलकिले कर, पडशील, तिलाही पाडशील. तिने दात आवळले. पालखी गर्रकन फिरली, परत फिरली, आणि तिसऱ्या गिरकीला दिशाला खरंच कळेनासं झालं की पऱ्या कुठे, पांगारा कुठे, घर कुठे.

आणि तेव्हा कुठे ती मागचा खांदा झाली. थंडीभर पोतं वाहिलं, पण ते शिकायचं राहूनच गेलं होतं. मनाली चुकली तरी तिच्या मागे जायचं. मनाली हरली तरी जायचं. तिला जिंकवायला नाही, तर ती जिथे जाईल तिथे ती एकटी नसावी म्हणून. दिशाला वाटलं होतं की मैत्रिणीचं भलं आपल्याला तिच्यापेक्षा जास्त कळतं. मनालीला फोनवर 'बरे हायत, हसले' सांगणाऱ्या सगळ्यांनाही हेच वाटलं होतं!

पावलं आखूड झाली. मनाली थांबली. पुढे गेली, मागे आली. ताशा नुसता वेडा झालेला. दिशाच्या खांद्याचं सालटं निघालं होतं, ते चुरचुरत होतं, आणि ती मनात एकच म्हणत होती, तुझं तू बघ गो, तुझं तू बघ, मी आहे.

पालखी वाकली.

"खणा!"

कुदळीचा घाव. ओलसर मातीचा वास, म्हणजे पऱ्याजवळ. दुसरा घाव. तिसरा घाव, आणि मग तो आवाज, काथ्याच्या सोडणावर लोखंड बसल्याचा, बोदा, जाडा. धप्प.

"नारळ! नारळ!" केरू बोंबलला, आणि मग काय विचारता! बांधावरून अख्खी वाडी मळ्यात. गुलाल उधळला, मुंबईकर नाचायला लागले, रेणुकाकाकी धावत येऊन मातीने माखलेल्या नारळालाच मिठी मारून बसली. दिशाने डोळे उघडले, तर समोर मनालीची पाठ. ती वळली नव्हती.

पालखी सहाणेवर बसली, तशी मनाली थेट गावकरांसमोर गेली. हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काका, पहिल्यांदा वाकली ती आई नव्हती. दिशाने खूण पाहिलेली होती. तिने मला वळवलं. तुम्ही ठरवा काय ते."

रेणुकाकाकीने कपाळावर हात मारून घेतला. अगो, जिंकलेली ना तू! कोणी विचारलं होतं?

राजेंद्रकाकांनी धोंडूआजोबांकडे बघितलं. म्हाताऱ्याने टोपी काढली, डोकं खाजवलं.

"ती जाळीत बसलेली तेव्हाच बघितली मी," ते म्हणाले. "म्हटलं येईल, सांगेल. वाट बघितली. नाय आली, तेव्हा नारळ हलवला. आता निघाला तो कोणी बघितलेला नव्हता. माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हता." मग दिशाकडे वळून, "पोरी, सांगितलं असतंस तर हलवलाच असता ना गो मी. तुला खांदा लावता आला नसता आज, एवढंच."

"म्हणजे मी लावला असता मागे," सुहास म्हणाला. आणि जरा थांबून, "आणि मी पण वळवलंच असतं हिला, खोटं कशाला बोलू!"

तेव्हा कुठे लोक हसले. गावकरांनी निकाल दिला, मान मनालीच्या घरी. दिशाने सकाळी सहाणेवर नारळ ठेवायचा आणि आईची माफी मागायची. दिशाने मान हलवली. आईची माफी मागणं सोपं होतं.

संध्याकाळी घरोघर पालखी फिरली तेव्हा मनालीच्या मागे सुहास होता. दिशा सगळ्यात शेवटी, चपला फरपटत. एकदाच मनाली गर्दीतून तिच्याकडे बघताना दिसली. बघत कसली, उलटून तपासत होती, दुकानात आपण फाटकी नोट तपासतो तशी. दिशाने नजर खाली घातली नाही. तेवढं तरी तिच्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी खालच्या वाडीत जायची होती. तिथेही खूण. दिशाने सहाणेवर नारळ ठेवला, कान पकडले, डोकं टेकवलं आणि बाजूला जाऊन उभी राहिली. ढोलवाले बिडी विझवत होते.

"मागे कोण गो मनाली?" गावकरांनी विचारलं. "सुहास ना?"

सुहास पुढे झालासुद्धा होता, खांद्यावर गमछा घडी करून. मनालीने त्याच्या खांद्यावरून तो गमछा उचलला. झटकला. आणि ती गर्दीतून सरळ दिशासमोर येऊन उभी राहिली.

"फिर," म्हणाली.

दिशा पाठमोरी फिरली. मनालीने गमछा तिच्या डोळ्यांवरून घेतला आणि मागे गाठ मारली. अशी करकचून, की डोळ्यांत पाणीच आलं.

"मने, दुखतंय."

"दुखू दे."

सगळं काळं झालं. मग दंडाला मनालीची बोटं लागली, घट्ट, जरा जास्तच घट्ट, आणि ती तिला खेचत पालखीशी घेऊन गेली. कालच्याच सोलवटलेल्या खांद्यावर दांडा येऊन टेकला.

"वजन घे," पुढून आवाज आला.

दिशाने घेतलं.